पाचवा रकाना

टक् असा बारीक आवाज झाला आणि फ्रीज सुरू झाला. त्याच्या डोक्यावर ठेवलेलं रजिस्टर किंचित थरथरलं, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरचं पेन अर्धी गिरकी घेऊन कडेपर्यंत घरंगळत आलं आणि तिथंच थांबलं. इतका वेळ घरात कसलाच आवाज नव्हता हे तिला तेव्हा कळलं. दुपारचे पावणेदोन. आतल्या खोलीत सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्याचा आवाज होत नाही. खारूताई गॅलरीत उकिडवी बसून चित्र काढत होती. पेन्सिल तोंडात गेली की तिचाही आवाज होत नाही. सहा वर्षांची पोर, पण पेन्सिल दिली की आधी शेंडा कुरतडायची, म्हणून हे नाव. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. ती स्वतः स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन्ही हात समोर ठेवून बसली होती, दुसऱ्या कुणाचे तरी हात सांभाळायला दिल्यासारखी. पेन पडेल, उठून आत सरकवावं, असं तिच्या मनात आलं. ती उठली नाही. फ्रीज घुमत राहिला. त्याचं घुमणं ऐकून आकडा सांगता येतो असं ती नोकरीच्या पहिल्या वर्षी नवऱ्याला म्हणाली होती, आणि तो हसला होता. पण सवयीच्या कानाला कळतं. वीज एका ठेक्यात येते, सेकंदाला पन्नास ठोके, आणि तो ठेका किंचित चढला-उतरला की फ्रीजचा सूरही बदलतो. आजचा सूर ठीक होता. गेले एकोणीस दिवस तो ठीकच होता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

रजिस्टरनं आजवर कुणाचं घर पाहिलं नव्हतं. त्याच्या पहिल्या पानावर छापलेलंच होतं की हे पुस्तक खोलीबाहेर नेऊ नये. ती खोली म्हणजे शहराच्या टोकाची, खिडक्या नसलेली, भिंतभर पडदे असलेली कंट्रोल रूम. तिथं नऊ वर्षं ती पाळीनं बसत होती. देशभरची वीज कुठून निघते आणि कुठं जाते हे त्या पडद्यांवर रेषांनी दिसायचं, आणि त्यातली एक रेष, अगदी उजवीकडची, पडद्याच्या कडेशी जाऊन संपायची. संपायची म्हणजे पडदा संपायचा. रेष पुढं डोंगर ओलांडून शेजारच्या देशात जायची. आपण त्यांना वीज विकायचो, ते आपल्याला फळं, काच आणि शाळेच्या पेन्सिली विकायचे. त्या एका लाइनसाठी वेगळं टेबल होतं, टेबलावर मातकट रंगाचा वेगळा फोन होता, आणि हे वेगळं रजिस्टर. पानाला पाच रकाने. वेळ, काय केलं, कुणी सांगितलं, पलीकडे कोण बोललं, आणि पाचवा, पलीकडचं उत्तर. आज सकाळी साहेबांच्या ड्रायव्हरनं तेच रजिस्टर भाजीच्या पिशवीत घालून घरी आणून दिलं. बरोबर चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी कशाला हवी? साहेब कालच म्हणाले होते, "उद्या तुमची सुट्टी आहे ना, मग घरी निवांत बसून भरा. इथं दहा डोळे आहेत. तीन वाजता ड्रायव्हर घेऊन जाईल." भरायचं काय, तर एका ओळीतला पाचवा रकाना. एकोणीस दिवसांपूर्वीची ओळ. चार रकाने तिच्याच अक्षरात भरलेले, पाचवा रिकामा.

त्या रकान्यात एकच शब्द लिहायची रीत होती. नियमांच्या पुस्तकात 'संमती मिळाली' असं काहीसं लांबलचक होतं, पण या टेबलावर आणि डोंगरापलीकडच्या त्या टेबलावर माणसं 'सावरलं' म्हणत. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लाइनवरची वीज कमी-जास्त करायची किंवा लाइन बंद करायची, म्हणजे या कामाच्या भाषेत उघडायची, तर आधी फोन करून सांगायचं. पलीकडचा माणूस तो निरोप शब्दन् शब्द परत म्हणून दाखवणार. मग तो त्याच्याकडची यंत्रं सुरू करणार, मोठ्या कारखान्यांना थांबायला सांगणार, दवाखान्यांना, पाणीपुरवठ्याला कळवणार. थोडक्यात, आपण हात काढून घेतल्यावर स्वतःच्या पायांवर उभं राहायची तयारी करणार. कधी पाच मिनिटं लागत, कधी वीस. तयारी झाली की तो फोनवर म्हणणार, सावरलं. ते ऐकल्याशिवाय इकडच्यानं हात लावायचा नाही. रात्र असो, पाळी संपत आलेली असो, दोन्हीकडचे मंत्री एकमेकांना काय वाटेल ते बोलत असोत. तिला शिकवणारे जुने ऑपरेटर म्हणायचे, "शिडी धरलेला माणूस आहेस तू. वरचा उतरला म्हणेपर्यंत शिडी सोडायची नसते. तो वर चढून काय करतोय, आंबे चोरतोय का, हे बघायचं तुझं काम नाही."

वर चढलेला माणूस बहुतेक वेळा एकच असायचा. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला ते तिला 'बाई' म्हणत, ती त्यांना 'साहेब'. मग कधीतरी काका झाले आणि ती पोरगी झाली. भाषा तीच, फक्त हेल वेगळा; वाक्याचं शेपूट ते जरा वर उचलून धरत, जणू चिखलातून चाललेत. बोलणं कामापुरतं, पण कामालाही कडा असतात आणि कडेला थोडी जागा उरते. खारूताई पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यात एकदा निरोप परत म्हणून झाल्यावर ते म्हणाले होते, "श्वास लागतोय तुम्हाला. पाय वर घेऊन बसा. निरोप काही पळून जात नाही." तिनं पलीकडे कुणालाच, अगदी त्यांनाही, तोवर सांगितलं नव्हतं. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली, पहिल्याच दिवशी मातकट फोन वाजला. "आलात? काय झालं?" "मुलगी." "मग तुमच्याकडचा लोड वाढला म्हणायचा," आणि ते खोकत खोकत हसले. त्यांचा खोकला तिला पाठ होता. दोन कोरडे, मग थांबून एक ओला. पलीकडे दुसरा कुणी टेबलावर असला की आधी तो खोकला ऐकू यायचा नाही आणि तिला उगीच चुकल्यासारखं व्हायचं. एकदा त्यांनीच सांगितलं होतं, लाइन जोडलेली असते तोवर दोन्ही देशांचा ठेका एकच असतो. कसलाच फरक नाही, एका ठोक्याचाही नाही. "म्हणजे बघा पोरी, तुमच्या घरचा फ्रीज आणि माझ्या घरचा फ्रीज एका सुरात गातात. ते वरचे लोक कागदावर सह्या करतात, करेनात का. फ्रीजला विचारा शेजार म्हणजे काय." तेव्हापासून ती कधीकधी घरी फ्रीजपाशी उभी राहून ऐकायची. वेडेपणाच तो. पण डोंगरापलीकडच्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात, जे आपण जन्मात बघणार नाही, तिथं हाच घुमार चालू आहे, या कल्पनेत एक ऊब होती. आता त्यांचा ठेका वेगळा आणि आपला वेगळा. कानाला कळत नाही, पण वेगळा.

गॅलरीतून खारूताई आत आली. "आई, पेन्सिल संपली." हातात बोटाच्या पेराएवढा तुकडा, चारी बाजूंनी दातांचे ठसे. "दुसरी नाही का?" "बाई म्हणाल्या, दुकानात येत नाहीयेत. पलीकडून येत होत्या ना त्या. खडूनं काढू?" "काढ." "खडू खाल्ला तर चालतो?" "नाही." "थोडासा?" "खारूताई." "बरं," म्हणून ती गेली. ती जाताना तिच्या केसांचा वास आला, ऊन आणि लाकूड असा, आणि एकोणीस दिवसांपूर्वी अशा वासानं आपल्या छातीत काहीतरी हललं असतं हे तिला आठवलं. आठवलं, एवढंच. काल इस्त्री करताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चटका बसला आणि फोड आलेला संध्याकाळी सासूबाईंनी दाखवला तेव्हा तिला समजलं. त्याच बोटानं तिनं ते केलं होतं.

भांडण कुठून सुरू झालं हे आता कुणी विचारलं तर दोन लहान मुलांसारखंच, 'त्यानं आधी मारलं' एवढंच हाती लागेल. त्यांनी आपल्या ट्रकवरचा कर वाढवला. आपण त्यांची फळं तपासणीसाठी नाक्यावर अडवली. तपासणी इतकी कसून की संत्री ट्रकमध्येच मऊ पडली. त्यांनी दुरुस्तीचं निमित्त काढून रस्ता बंद केला. रस्ता असा, की त्यावर एक खड्डा नव्हता. तिचा नवरा मालवाहतुकीच्या गोदामात काम बघायचा. त्याचे एकेचाळीस ट्रक नाक्याच्या या बाजूला उभे राहिले ते उभेच. रोज संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला फळांचा वास असायचा; तो वास आधी आंबूस झाला, मग गेलाच. पगार अर्धा झाला, मग मालक म्हणाला, तूर्त घरीच थांबा, कळवतो. मग आपण वीज तोडायची ठरवली. ठरवली म्हणजे त्या दिवशी दुपारी दोन वाजता मोठ्या सभेत भाषण होतं, भाषणात एक वाक्य होतं, 'या क्षणापासून', आणि ते वाक्य म्हटलं जाईल तेव्हा ते खरं असायला हवं होतं.

दोन वाजून चार मिनिटांनी साहेबांनी तिला निरोप दिला. तिनं मातकट फोन उचलला. पलीकडे दोन कोरडे, एक ओला. तिनं निरोप सांगितला. त्यांनी तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला, आवाजात काही फरक नाही. मग, "पोरी, सगळाच लोड तुमच्यावर आहे. आमची दोन्ही यंत्रं थंड पडलीयत. वीस मिनिटं द्या." "बघते, काका." ती मागं वळली. साहेब दुसऱ्या फोनवर होते, त्या फोनच्या पलीकडे कुणीतरी होतं जे तिसऱ्या फोनवर होतं, आणि भिंतीवरच्या टीव्हीत भाषण चाललं होतं, आवाज बंद करून. "साहेब, ते वीस मिनिटं मागतायत." साहेबांनी मान हलवली, नाही अशी. सहा मिनिटं गेली. फोनमध्ये ती ऐकत होती. काका कुणाला तरी नावं घेऊन हाका मारत होते, कुणी धावत होतं, खुर्ची सरकली. "पोरी, दहा. दहा मिनिटांत उभा राहतो." ती पुन्हा वळली. "साहेब, दहाच मिनिटं." "आत्ता," साहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि त्यांनी फोनवर हात ठेवून अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हटलं, "बाई, आत्ता. वाक्य जवळ आलंय." खरंच तसं म्हणाले, वाक्य जवळ आलंय. तिनं फोनमध्ये म्हटलं, काका. पुढं काय म्हणायचं होतं ते तिला आजही आठवत नव्हतं. बोट पुढं गेलं. दोन वाजून बारा मिनिटं. पडद्यावरची उजवीकडची रेष हिरव्याची पांढरी झाली आणि आपल्याकडचा आकडा पन्नासच्या किंचित वर गेला, पाठीवरचं ओझं उतरलं की माणूस दोन पावलं जरा भरभर टाकतो तसा, मग पुन्हा जागेवर आला. कुणीतरी मागं टाळ्या वाजवल्या. फोन अजून कानाला होता. तो बॅटरीवर चालतो. त्यात पंखे मंदावत जाण्याचा आवाज आला. एकेक करून काहीतरी विझत गेलं, आणि मग कशातच काही आवाज नसलेला असा आवाज. मग काका म्हणाले, "दोन वाजून बारा मिनिटं. लाइन उघडली. निरोप पोचला." नेहमीच्या रीतीनं, शब्दन् शब्द. आणि मग, "ठेवतो पोरी. आता काम आहे."

तिनं चार रकाने भरले. पाचव्यावर पेन नेलं आणि उचललं.

त्यांच्याकडे अकरा तास अंधार होता असं आपल्या पेपरात आलं, मोठ्या अक्षरात, आनंदानं. आणखी काय काय झालं त्याबद्दल कुणी काही म्हणे, कुणी काही. एका दवाखान्याचं नाव दोन दिवस ऐकू आलं आणि तिसऱ्या दिवशी आलं नाही. तिनं पेपर उघडणं सोडलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका, हे नुसते नावाचे काका, तिला म्हणाले, "तुमच्याच हातानं झालं म्हणे! वा! चांगली खोड मोडलीत. पार्टी हवी बरं का." ती हसली. हसण्याला काही लागत नाही, ओठ बाजूला घेतले की झालं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि दार उघडतं ही गोष्ट किती मोठी आहे असं काहीतरी तिच्या मनात येता येता राहिलं.

नवरा आला तेव्हा दोन वाजून गेले होते. हल्ली तो कामाच्या शोधात सकाळी निघायचा आणि दुपारी यायचा, आणि दाराशी चपला फार नीट, जोडीनं लावून ठेवायचा. त्यानं आधी फ्रीजवर पाहिलं. "झालं लिहून?" "नाही." "अगं, तीनला तो येणार ना?" "हो." तो पाणी प्यायला, मग त्यानं पेला धुऊन पालथा घातला. "एक शब्द तर लिहायचाय." "हं." "रोज लिहीतच होतीस की." "हो." "हे बघ, मी काही तुला..." तो खुर्चीत बसला. त्याचा चेहरा तिला आवडायचा. आत्ताही तो आवडण्यासारखाच होता. "उद्या ती तिऱ्हाईत देशाची माणसं चौकशीला येणार. इकडचं रजिस्टर बघणार, तिकडचं बघणार, शेजारी शेजारी ठेवणार. बरोबर? तुझा रकाना रिकामा दिसला तर विचारणार, का तोडलीत. साहेब म्हणणार, मी नाही सांगितलं, बाईंनी घाई केली. तुला वाटतं तो तुझ्यासाठी उभा राहील?" "नाही वाटत." "मग?" "आणि मी लिहिलं, सावरलं," ती म्हणाली, "तर काकांच्या रजिस्टरात तो शब्द नाही आणि माझ्यात आहे. मग ठरणार की ते सावरलं म्हणाले आणि सावरू शकले नाहीत. तो सगळा अंधार त्यांच्या नावावर." "फोनचं रेकॉर्डिंग?" "मशीन सहा महिने बिघडलेलंय. दुरुस्तीचा भाग पलीकडून यायचा होता." यावर दोघांनाही हसू यायला हवं होतं. त्याला थोडं आलंसुद्धा. मग तो म्हणाला, "म्हातारे आहेत ते. निवृत्तीला आलेत असं तूच म्हणतेस. आपण दोघं घरी बसलो तर हिचं काय?" त्यानं गॅलरीकडे बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी वळवली. साहेबही अगदी हेच, याच क्रमानं म्हणाले होते. दोन माणसं एकमेकांना न विचारता तेच बोलतात तेव्हा ते खरं असतं की नुसतं सोयीचं असतं, हे तिला ठरवता येईना. पूर्वी आलं असतं.

सासूबाई घड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू जायचं आणि त्या ऐकू न आल्यासारखं वागायच्या, पण आज त्यांनी ते नाटक केलं नाही. "त्यांनी मागितली होती ना वेळ?" त्यांनी तिला विचारलं. "मागितली होती, आई." "हं." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, वरच्या फ्रॉकची बाही आत दुमडली. "शेजारी काय उठून जाणार आहेत का कुठं? भिंत तीच, आपणही तेच. आज ना उद्या वाटी घेऊन कुणीतरी कुणाच्यातरी दारात जाणारच." "आई, हे वाटीचं नाही," नवरा म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त वाट्या दिल्या-घेतल्यायत मी." मग सुनेकडे वळून, "तुझं तू ठरव. माझ्या गोळ्यांकडे बघून ठरवू नकोस म्हणजे झालं." आणि त्या गठ्ठा घेऊन गेल्या. हे म्हणायला नको होतं त्यांनी. त्या गोळ्यांचा डबा फ्रीजच्या दारातच होता, आणि तोवर तिला तो आठवला नव्हता.

पावणेतीनला तिनं रजिस्टर खाली घेतलं. पेन टेबलावर पडलं, ते नवऱ्यानं उचलून तिच्यासमोर ठेवलं आणि तो गॅलरीत खारूताईशेजारी जाऊन पाठमोरा बसला. तिनं पहिल्या पानापासून चाळत त्या ओळीकडे यायला सुरुवात केली. नऊ वर्षं. पाचव्या रकान्यात एकाखाली एक, सावरलं, सावरलं, सावरलं. निळ्या शाईत, काळ्या शाईत, मध्ये एक आठवडा हिरव्या शाईत, कारण पेन संपलं होतं आणि कुणाचं तरी उचललं होतं. सातव्या महिन्यातलं पान आलं, तिथं अक्षर जरा मोठं होतं, पाय वर घेऊन लिहिलेलं. रजेनंतरचं पहिलं पान. एका ठिकाणी थेंबाचा डाग, तो चहाचा, ती दचकली होती कारण काका एकदम गायला लागले होते, निरोप परत म्हणताना, त्यांना नातू झाला होता त्या दिवशी. मग ते पान. ओळ. चार रकाने भरलेले आणि एक पांढरा चौकोन, करंगळीच्या नखाएवढा. तिनं त्याच्याकडे पाहिलं. काही वाटेल म्हणून वाट पाहिली. काकांच्या रजिस्टरातला चौकोन तिनं डोळ्यांसमोर आणून पाहिला; तिथं त्यांनी खरं तेच लिहिलं असणार, वळणदार, सावकाश, मेणबत्ती धरून. दहा मिनिटं मागितली, मिळाली नाहीत, असं. तिच्याविषयी वाईट एक शब्दही नसणार. फोड आलेलं बोट पेनावर टेकलं होतं आणि दुखत नव्हतं. आपण विचार करतोय असं तिला वाटत होतं, निदान आता सुरुवात होईल असं, पण हाताला सवय होती. हजारो वेळा केलेलं काम हात तुम्हाला न विचारता करतो. पांढरा चौकोन दिसला की तो भरायचा, एवढंच त्याला माहीत. तिनं पाहिलं तेव्हा तिथं शब्द होता. शाई अजून ओली होती. शेजारी वेळही होती, २.११. अक्षर चांगलं आलं होतं.

बेल वाजली. ड्रायव्हरनं रजिस्टर पिशवीत घातलं आणि पिशवी हातात तोलून पाहिली. "बाई, सकाळी वाटलं साहेबांनी तुम्हाला कलिंगड पाठवलं. एवढं जड! काय लिहिता काय यात?" "वेळा," ती म्हणाली. "फक्त वेळा? अरे देवा. मग आमची बायको लिहीलच असं एक पुस्तक, मी घरी कधी येतो त्याचं." तो हसत जिना उतरला. लिफ्ट असूनही तो नेहमी जिना उतरायचा. नवऱ्यानं दार लावलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिला कळला, म्हणजे तिथं वजन आलं हे कळलं. "सुटलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "उद्या मी गोदामात चक्कर टाकतो. ऐकलंय, नाका उघडणार. सगळं होईल सुरळीत. भांडतात नि पुन्हा गळ्यात गळे घालतात हे लोक." ती म्हणाली, "हो." फ्रीज टक् करून थांबला.

खारूताईच्या दुपारच्या झोपेची वेळ उलटून गेली होती. मधली खोली दुपारीही अंधारी, खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. त्यामुळे झोपवताना दिवा लावावा लागे आणि मग बंद करावा लागे. त्या दिवा बंद करण्याची दोघींची एक रीत होती. खारूताई तीन वर्षांची असल्यापासूनची, तिला अंधाराची भीती वाटायची तेव्हा काढलेली युक्ती. आई बटणाशी उभी राहणार. खारूताई आधी पाण्याची बाटली उशाला ठेवणार, मग कापडी अस्वलाला, त्याला एकच डोळा, भिंतीच्या बाजूला निजवणार, त्याला पांघरूण, मग स्वतःला, पाय आत, हनुवटीपर्यंत, आणि मग म्हणणार, "सावरलं!" तोवर बटणाला हात लावायचा नाही. कधी बाटली सापडायची नाही, कधी अस्वलाला शू लागायची, कधी एकदम आठवायचं की शाळेतली एक फार महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. अर्धा अर्धा तास ती बटणाशी उभी राहिलेली होती, कधी पेंगत, कधी वैतागून, पण उभी. इथं मागं कुणी दुसऱ्या फोनवर नव्हतं. इथं कुठलंच वाक्य जवळ येत नव्हतं. आणि तो शब्द आला, की मग टक्, आणि अंधारात एक समाधानाचा उसासा. पोरीनं एकदा विचारलं होतं, हा शब्द तुला कुणी शिकवला? ती म्हणाली होती, एका आजोबांनी. ते कुठं राहतात? भिंतीपलीकडे, ती म्हणाली होती, आणि खारूताईला ती शेजारच्या इमारतीची भिंत वाटली. कितीतरी दिवस ती झोपताना भिंतीकडे बघून हात हलवायची.

आता ती आत गेली तेव्हा खारूताई पलंगावर गुडघ्यांवर बसून होती, तोंडाभोवती पांढरा खडू. "खाल्लास?" "नाही. चाटला. अस्वलानं खाल्ला." "झोप." "बाटली?" "ही घे." बाटली उशाला गेली. बाहेर जिन्यावरून ड्रायव्हरची पावलं केव्हाच संपली होती, पण तिला ती अजून उतरताना ऐकू येत होती, एकेक मजला, एकेक पायरी, पिशवीतल्या पुस्तकासकट, आणि जिना संपत नव्हता. ती बटणाशी उभी राहिली. मागून नवऱ्याच्या बोलण्याचा आवाज येत होता, तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, झालं, दिलं पाठवून. पलंगावर पांघरुणाची खसखस चालू होती. बोट पुढं गेलं.

टक्.

अंधारात खसखस थांबली. भिंतीच्या बाजूनं बाटली आडवी झाल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा.

"आई."

"हं."

"मी अजून अस्वलाला पांघरूण घालत होते."

बटण बोटाखालीच होतं. दाबलं की दिवा लागला असता.

"आई," खारूताई म्हणाली. रडवेली नव्हती ती, तक्रारही नव्हती तिच्या आवाजात. तिला खरंच आठवत नव्हतं, आणि ती आईला विचारत होती, कारण असल्या गोष्टी आईला माहीत असतात. "मी म्हटलं होतं का, सावरलं?"